‘किरकोळ सुधारणा’ म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय सांगितला की काही जणी रेडिओ बंद करतील अशी भीती आहे, म्हणून आधीच सांगते, हा विषय पैशांचा आहे. शिवाय एका बाईच्या नावाला डाग लागता लागता राहिला, त्याचाही आहे. विषय असा, की सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की तो लिहून ठेवायचा कसा, कोणी, आणि कोणासाठी.

फोनमधलं कुठलंही ॲप अपडेट करायला गेलं की खाली ‘नवीन काय आहे’ म्हणून दोन ओळी असतात. त्या आपण वाचत नाही. चुकून वाचल्या तर तिथे लिहिलेलं असतं, ‘किरकोळ सुधारणा आणि दुरुस्त्या’. दर पंधरा दिवसांनी तेच. आता कल्पना करा, आपल्या गटाच्या सचिवाने इतिवृत्तात लिहिलं, ‘सभा झाली, किरकोळ निर्णय झाले’. बँकेतले साहेब ती वही तिथल्या तिथे परत हातात देतील. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रच मुळी हिशेबाच्या नोंदी नियमित ठेवण्याचं आहे. मग आपला हिशेब ज्या यंत्रात ठेवायचा, त्या यंत्राने स्वतःची नोंद नीट का ठेवू नये?

मी ज्या गटांचं काम बघते त्यातल्या एका गटात हे घडलं. गट पंधरा जणींचा, सभा दर महिन्याच्या १० तारखेला. अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज, शिल्लक मुद्दलावर, असा ठराव. हिशेब फोनवरच्या एका ॲपमध्ये. ॲपचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशी ॲपं बरीच आहेत. एकीने १२,००० रुपये उचललेले, मुद्दलाचा हप्ता जूनपासून, तोवर नुसतं व्याज. म्हणजे महिन्याला २४० रुपये, तोंडपाठ. मार्चच्या सभेत ॲपने दाखवलं २२१. सचिवताईंनी तेवढेच मागितले. एकोणीस रुपये कमी घेतले तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. एप्रिलच्या सभेत ॲपने दाखवलं २४५.

पाच रुपये जास्त. सात जणींची कर्जं चालू होती, सातही जणींचे आकडे थोडे थोडे वर. एक जण म्हणाली, ‘‘वरचे पैसे कुठं चाललेत?’’ दुसरी म्हणाली, ‘‘मार्चात कमी घेतले ते आता भरून काढताय होय?’’ आता या सचिवताई कशा, तर दहावी शिकलेल्या, घरी शिवणकाम करणाऱ्या, सहा वर्षं गटाची वही एकही खाडाखोड न करता ठेवणाऱ्या. त्यांनी वही, फोन आणि पेटीची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘दुसरी बघा.’’

उत्तर सापडलं ते एका सदस्येच्या मुलीला. ती बीसीएस करते. तिने कागदावर मांडून दाखवलं. १२,००० चं वर्षाचं व्याज २,८८०. त्याला ३६५ ने भागा, दिवसाचे ७ रुपये ८९ पैसे पडतात. १० फेब्रुवारी ते १० मार्च २८ दिवस, म्हणून २२१. १० मार्च ते १० एप्रिल ३१ दिवस, म्हणून २४५. ॲप आधी महिन्याने मोजत होतं, आता दिवसाने मोजायला लागलं होतं. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, वर्षाची बेरीज दोन्ही रीतींनी २,८८०च येते. एका पैचाही घोळ नव्हता, तरी सहा वर्षांचा विश्वास पाच रुपयांवर येऊन अडला होता.

ॲपवाल्यांच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘‘हो मॅडम, फेब्रुवारीच्या आवृत्तीत ते बदललंय. अपडेटमध्ये कळवलं होतं.’’ काय कळवलं होतं, विचारलं. त्याने वाचून दाखवलं, ‘‘किरकोळ सुधारणा आणि दुरुस्त्या.’’

दिवसावर व्याज मोजणं चूक नाही. बँका तसंच मोजतात. पण आमच्या गटात व्याजाची रीत ठरावाने ठरते. पंधरा जणी बसतात, हात वर होतात, सह्या होतात. इथे ठरावाशिवाय रीत बदलली आणि जाब मात्र सचिवताईंना द्यावा लागला. बदल करणारा कुठेतरी लांब बसलेला असतो. लोकांच्या तोंडाला तोंड देते ती समोर बसलेली बाई.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले. माझं बीए मराठी घेऊन झालंय, संगणकाची ओळख एमएस-सीआयटीपुरती. पण हडपसर, खराडीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाला जाणाऱ्या दोन-तीन मुली ओळखीच्या आहेत, त्यांना विचारत गेले. त्यांच्याकडून कळलं की सॉफ्टवेअरच्या जगात एक मोठा भाग असा आहे जिथे हे काम फार निगुतीने होतं. त्याला ओपन सोर्स म्हणतात, मराठीत मुक्त स्रोत. म्हणजे सॉफ्टवेअर ज्या सूचनांनी बनलं त्या सगळ्या सूचना कोणालाही वाचायला खुल्या. आपल्या गटाची वही जशी सतरंजीच्या मधोमध उघडी असते, कोणीही सदस्य पान उलटून बघू शकते, तसं.

या लोकांकडे नोंदीच्या तीन पातळ्या असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजकीर्द, खतावणी आणि सभेत वाचायचा अहवाल.

रोजकीर्द म्हणजे प्रत्येक बारीक बदलाची नोंद. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठली ओळ काढली, कुठली घातली. गिट नावाचं एक साधन आहे, ते ही कीर्द आपोआप ठेवतं. बदल करणाऱ्याने फक्त एक वाक्य लिहायचं, काय केलं त्याचं. अशा नोंदी मोठ्या कामात दिवसाला शेकड्याने पडतात. खतावणी म्हणजे चेंजलॉग. कीर्दीतल्या शेकडो नोंदींतून वापरणाऱ्याच्या कामाच्या तेवढ्या निवडायच्या, खात्यांत लावायच्या आणि आवृत्तीच्या क्रमांकाखाली, तारखेसह लिहायच्या. आणि अहवाल म्हणजे रिलीज नोट्स, नव्या आवृत्तीबरोबर काढलेलं निवेदन. काय नवीन आलं, काय बंद झालं, अपडेट करण्याआधी काय काळजी घ्यायची, हे सरळ वाक्यांत.

पुष्कळ ठिकाणी आळस होतो तो असा, की कीर्दच उचलून अहवाल म्हणून समोर टाकतात. शंभर ओळी, त्यातल्या नव्वद ‘स्पेलिंग नीट केलं’ असल्या. वार्षिक सभेत कोणी वर्षभराची रोजकीर्द वाचायला घेतली तर बायका चहा पिऊन निघून जातील. ‘किरकोळ सुधारणा’ लिहिणारा काहीच सांगत नाही, आणि शंभर ओळी ओतणाराही शेवटी काहीच सांगत नाही.

ओलिव्हिए लाकां नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये चेंजलॉग कसा लिहावा याचा एक छोटा नियमसंच मांडला. तो आता जगभर वापरतात. त्यात बदलांची सहा खाती आहेत. नवीन घातलेलं. बदललेलं. लवकरच बंद होणार असलेलं. काढून टाकलेलं. दुरुस्त केलेलं. आणि सुरक्षेचं. मला यातलं तिसरं खातं सगळ्यात जास्त आवडलं. एखादी सोय बंद करायची असेल तर आधीच्या आवृत्तीतच सांगून ठेवायचं, ‘ही जाणार आहे, दुसरी सोय बघून ठेवा’. आमच्या वस्तीत नळाची वेळ बदलते तेव्हा असं कोणी सांगत नाही.

त्याच नियमसंचात तारीख कशी लिहावी हेही आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कारण नुसतं ३/४ लिहिलं तर आपल्याकडे ती ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. आणखी एक नियम. एखादी आवृत्ती काढली आणि तिच्यात घोटाळा निघाल्यामुळे मागे घ्यावी लागली, तरी तिचं नाव चेंजलॉगमधून पुसायचं नाही. ती तिथेच ठेवायची आणि समोर लिहायचं, ‘मागे घेतली’. रोखवहीत आपण आकडा चुकला तर व्हाइटनर लावत नाही, एक रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करतो. तेच हे.

आवृत्तीच्या क्रमांकालाही अर्थ असतो. खूप ठिकाणी तो तीन भागांचा असतो, समजा २.४.१. शेवटचा आकडा वाढला तर नुसती दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवीन सोय आली, जुनं जसंच्या तसं आहे. पहिला वाढला तर सावध व्हायचं, जुनी काहीतरी रीत मोडली आहे. आमच्या ॲपने व्याजाची रीत बदलली तेव्हा कुठला आकडा वाढवला होता? शेवटचा.

अर्थात सगळे हीच पद्धत पाळत नाहीत. लिब्रेऑफिस नावाचं मोफत, मुक्त स्रोत ऑफिस आहे, वर्ड-एक्सेलसारखं, मराठीतही चालतं. मी गटांचे तक्ते त्याच्या कॅल्कमध्ये करते. त्याची आवृत्ती ७.६ होती आणि पुढची आली एकदम २४.२. आमच्या कार्यालयातली मदतनीस मुलगी घाबरली, म्हणाली मधल्या सोळा गेल्या कुठं. त्यांचं निवेदन वाचल्यावर कळलं, त्यांनी क्रमांकाची पद्धतच बदलली आहे. २४ म्हणजे २०२४ साल आणि २ म्हणजे फेब्रुवारी. दोन मिनिटांच्या वाचनात धसका गेला. त्यांच्या निवेदनात लिखाणाचा भाग वेगळा, तक्त्यांचा भाग वेगळा असतो. मी फक्त तक्त्यांचा वाचते.

बदल लिहून ठेवा, हा काही नुसता चांगल्या सवयीचा भाग नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा एक गाजलेला परवाना आहे, जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ सालची. लिनक्सचा गाभा याच परवान्यावर चालतो. त्यात अट आहे की तुम्ही सॉफ्टवेअर घ्या, बदला, पुढे द्या, पण जी फाइल बदललीत तिच्यावर ठळक लिहा की तुम्ही बदललीत आणि कधी बदललीत. वाटेल ते करायची मोकळीक आहे, फक्त गुपचूप करायची नाही. डेबियन नावाचा लिनक्सचा एक मोठा संग्रह आहे. १९९३ साली तो सुरू करणाऱ्या इयनने आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव पुढे आणि आपलं मागे जोडून हे नाव केलं. त्या संग्रहातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या गाठोड्याबरोबर चेंजलॉग असावाच लागतो, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. इतिवृत्ताखालच्या सहीसारखं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तर ऐका, यातली एक गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे, आणि ती आपल्या अक्षरांची आहे.

छापखान्यात कधी पत्रिका किंवा पुस्तिका करून घेतली असेल तर तुम्ही ‘श्रीलिपी’ हे नाव ऐकलं असेल. ते बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक ही पुण्याची कंपनी. याच कंपनीने दिलेल्या अक्षरांवरून रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांचे फाँट जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना मोकळे करून दिले. नाव ठेवलं ‘लोहित’. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीचं नाव लाल टोपी. रेड हॅटचं पुण्यातलं कार्यालय मगरपट्ट्याला होतं आणि लोहितची पुढची निगराणी पुण्यातूनच झाली. हडपसरच्या आपल्या कितीतरी मैत्रिणी मगरपट्ट्यात स्वयंपाकाला, साफसफाईला जातात. त्याच आवारात कोणी मुलं-मुली जोडाक्षरांच्या मात्रा नीट बसवत होती, हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं.

लोहितबरोबर चेंजलॉगची फाइल येते. आणि तिचा उपयोग काय, ते बघा. पूर्वी लोहित-हिंदी, लोहित-मराठी, लोहित-कोंकणी, लोहित-नेपाळी असे वेगवेगळे फाँट होते. पुढे ते सगळे एकत्र करून ‘लोहित देवनागरी’ केला. ज्याने अपडेट केलं त्याच्या संगणकावरून ‘लोहित-मराठी’ हे नाव नाहीसं झालं. नोंद नसती तर कोणीही म्हणालं असतं, बघा, मराठीला काढून टाकलं. नोंद वाचणाऱ्याला कळलं की मराठी गेलेली नाही, मोठ्या गटात सामील झाली आहे. दोन गट एकत्र होतात तेव्हा जुन्या गटाच्या वहीत आपण शेवटचा ठराव लिहितो, शिल्लक कुठे वर्ग केली ते लिहितो. नाहीतर दहा वर्षांनी कोणी विचारलं, त्या गटाचे पैसे कुठे गेले, तर सांगणार काय?

२०११ च्या सप्टेंबरमध्ये लोहितचा परवानाही बदलला. जीपीएल जाऊन फाँटसाठी खास तयार झालेला ओपन फाँट परवाना आला. अक्षरांची वळणं तीच राहिली, डोळ्याला काहीच दिसलं नसतं. पण या नव्या परवान्यात स्पष्ट आहे की फाँट वापरून केलेल्या पुस्तिकेवर, पत्रकावर परवान्याचं बंधन येत नाही. छापणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच बदल. डोळ्याला दिसतो तो बदल लोक विचारतात तरी. न दिसणारा बदल लिहिलाच पाहिजे, तो दुसऱ्या कुठल्या वाटेने कळणारच नाही.

अक्षरांचं निघालंच आहे तर ‘ॲ’चं सांगते. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी एकेक क्रमांक देणारी यादी आहे, युनिकोड. तिच्याही आवृत्त्या निघतात आणि कुठल्या आवृत्तीत कुठलं अक्षर नवीन आलं याची चोख नोंद असते. आपला ‘ॲ’, म्हणजे ॲपमधला, ॲडव्हान्समधला, तो स्वतंत्र अक्षर म्हणून त्या यादीत २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ घेतले. त्याआधी लोक काय करायचे? ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र काढायचे. आजही पुष्कळ जण तसंच टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. समजा एखाद्या सदस्येचं नाव ॲनी आहे. बचतीच्या यादीत एकीने जुन्या रीतीने टाइप केलं, कर्जाच्या यादीत दुसरीने नव्या रीतीने. शोधायला गेलात तर संगणक म्हणेल, या नावाची बाई कर्जाच्या यादीत नाही. नाव न सापडणारी बाई कार्यालयात किती हेलपाटे घालते, ते आपल्याला माहीत आहे. ज्याने ती २००८ ची नोंद वाचलेली असते तो दोन्ही यादीत अक्षर एकसारखं करून मोकळा होतो.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण ती ऐकून माझा नोंदींवरचा भाबडा विश्वास थोडा कमी झाला.

एक्सझेड नावाचं एक साधन आहे. फाइली दाबून लहान करायचं, आपण चादरींची घडी करून ट्रंकेत बसवतो तसं. जगातल्या बहुतेक लिनक्स संगणकांवर ते असतं. ते सांभाळत होता लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा माणूस, एकटा, बिनपगारी, वर्षानुवर्षं. २०२१ पासून एक मदतनीस येऊ लागला. जिया तान असं नाव सांगणारा. खरा कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. त्याने दोन वर्षं मन लावून काम केलं. मधल्या काळात काही अनोळखी मंडळी कॉलिनला पत्रांवर पत्रं टाकून टोचत होती, ‘तुमच्याने होत नाही, काम दुसऱ्याकडे द्या’. शेवटी जिया तानकडे नव्या आवृत्त्या काढायचा अधिकार आला. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्यात त्याने चोरदार बसवलं होतं. ज्याच्याकडे किल्ली आहे तो बाहेरून संगणकात घुसू शकेल असं दार.

कीर्दीत काय लिहिलं होतं माहीत आहे? चाचणीसाठी काही फाइली घातल्या. बस्स, इतकंच. आणि ते दार उघडणारा शेवटचा तुकडा उघड्या वहीत नव्हताच. लोकांना वाटण्यासाठी जो गठ्ठा बांधला, फक्त त्यात होता. म्हणजे सभेत वाचली एक वही आणि बँकेत दिली दुसरी.

पकडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरला आपल्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! तो त्याच्या मागे लागला, खणत खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळ्या जगाला सावध केलं. वही उघडी होती म्हणून त्याला खणता आलं. पण वही उघडी असूनही महिनाभर कोणी ती गठ्ठ्याशी ताडून बघितली नव्हती, हेही तितकंच खरं. आपल्या लेखापरीक्षणात पावती आणि वही समोरासमोर ठेवून बघतात, ते काही उगीच नाही.

त्यानंतर मे महिन्यात कॉलिनने ५.६.२ आवृत्ती काढली. तिच्या नोंदीत सरळ लिहिलं आहे, चोरदार काढून टाकलं. किरकोळ सुधारणा नाही, काही नाही. ज्या माणसाची एवढी फसवणूक झाली त्याला ती झाकावीशी वाटली असती तर मी समजू शकले असते. त्याने झाकली नाही.

मला यात आणखी एक दिसतं. ही सगळी वही सांभाळायची कामं, निवेदन लिहायचं काम, लोकांना समजेल अशा भाषेत आणायचं काम, याला सॉफ्टवेअरच्या जगातही कारकुनी समजतात. नवीन सोय बनवणाऱ्याचं कौतुक होतं. लिहिणाऱ्याचं नाव तळाला, असलं तर. घरातही तसंच आहे, कोणाचं देणं, कोणाचं घेणं, कोणाचं औषध कधी बदललं हे लक्षात ठेवणारी बाई असते आणि ते काम धरलं जात नाही. म्हणून मला वर्डप्रेसची गोष्ट सांगावीशी वाटते. जगातल्या कितीतरी वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, तेही मुक्त स्रोत. त्याची ५.६ ही आवृत्ती ८ डिसेंबर २०२० ला निघाली. ती काढणाऱ्या चमूत एकही पुरुष नव्हता, सगळ्या स्त्रिया आणि स्वतःला स्त्री-पुरुष यांपैकी कुठल्याच चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्ती. प्रमुख होती जोसेफा हेडन. आवृत्तीला नाव दिलं ‘सिमोन’, गायिका नीना सिमोनवरून. वर्डप्रेसची मोठी आवृत्ती निघण्याआधी काय काय बदलणार आहे याची एक सविस्तर मार्गदर्शिका काढतात, ज्यांची कामं त्यावर अवलंबून आहेत त्यांना आधी तयारी करता यावी म्हणून. आधी, हं. नंतर भांडण झाल्यावर नाही.

आमच्या भागात आम्ही यातलं काय उचललं, ते सांगते. मुक्त स्रोतात असतं म्हणून आपल्याकडे नको असं थोडंच आहे.

प्रत्येक गटाच्या इतिवृत्त वहीची शेवटची चार पानं आता ‘बदलाची पानं’ आहेत. व्याजाचा दर, सभेची तारीख, दंडाची रक्कम, ॲपमधली रीत, यातलं काहीही बदललं की तिथे लिहायचं. नमुन्यादाखल एक नोंद वाचते. ‘१० मे. बदललेलं. ॲप व्याज महिन्याऐवजी दिवसाने मोजतं. १२,००० शिलकेवर २८ दिवसांचे २२१, ३० दिवसांचे २३७, ३१ दिवसांचे २४५. वर्षाची बेरीज पूर्वीइतकीच. ठरावाने मान्य.’ खाली अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या. आकडे मुद्दाम घातलेत. ‘व्याज दैनिक पद्धतीने आकारले जाईल’ एवढंच लिहिलं असतं तर निम्म्या जणींना काहीच कळलं नसतं. बदल लिहिताना जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी लिहावा, त्यासारखं दुसरं स्पष्टीकरण नाही. गेल्या महिन्याच्या सभेला जी आली नव्हती, तिला ते पान एकटीने वाचून कळलं पाहिजे, ही आमची परीक्षा.

एका गटात एकीने विचारलं, ‘‘एवढं सगळं कोण लिहीत बसणार?’’ रास्त प्रश्न आहे. वर्षाला अशा नोंदी चार-पाच पडतात. आमच्या त्या भांडणात दोन सभा आणि तीन फोन गेले.

ॲप अपडेट करायचं ते सभेच्या आदल्या दिवशी कधीच नाही. सभा झाल्यावर, आणि आधी सगळ्या कर्जांच्या शिलकेच्या पानाचे फोटो काढून. अपडेट झाल्यावर निदान एका कर्जाचं व्याज हाताने मांडून बघायचं. आणि आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहायचा. तो कुठे असतो म्हणाल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जा, ॲप्स म्हणून असेल तिथे ते ॲप निवडा आणि पान अगदी खालपर्यंत सरकवा, तळाशी बारीक आकडे असतात. कंपनीला तक्रार करताना ‘तुमचं ॲप चुकतंय’ असं म्हणू नका. म्हणा, ‘‘अमुक क्रमांकाच्या आवृत्तीत २४० यायचे, तमुक क्रमांकात २४५ येतात. मध्ये काय बदललं ते लेखी कळवा.’’ मी असं पत्र पाठवलं, बायकांच्या सह्यांसकट. पुढच्या अपडेटखाली पहिल्यांदाच तीन धड वाक्यं आली, इंग्रजीत. मराठीत हवीत म्हणून दुसरं पत्र गेलंय, आणि तुमच्या गटात तेच ॲप असेल तर त्या पत्राचा नमुना आमच्या कार्यालयात ठेवलेला आहे, येऊन घेऊन जा.